तयार झाल्यावर म्हणजे कधी?

डेबियन ही संगणक चालवणारी प्रणाली जगभरातले स्वयंसेवक मिळून बांधतात. तिची ‘वुडी’ ही आवृत्ती १९ जुलै २००२ रोजी प्रसिद्ध झाली आणि त्यानंतरची ‘सार्ज’ ६ जून २००५ रोजी. (दोन्ही नावे ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची, डेबियनवाल्यांची ही जुनी हौस.) मधली जवळजवळ तीन वर्षे वापरणारे विचारत राहिले की नवी आवृत्ती कधी येणार, आणि उत्तर ठरलेले होते: तयार झाल्यावर. उत्तर प्रामाणिक होते. विक्रीचे आकडे गाठायचे नाहीत, भागधारकांना तोंड द्यायचे नाही, मग अर्धेकच्चे पानात कशाला वाढायचे? पण याच काळात, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच शिधासामग्रीवर उभी राहिलेली उबुंटू नावाची प्रणाली आली. दर सहा महिन्यांनी, एप्रिलात आणि ऑक्टोबरात, नवी आवृत्ती काढणार असे तिने सुरुवातीलाच जाहीर केले. आवृत्तीचा क्रमांकसुद्धा तारखेवरून पाडला: ४.१० म्हणजे २००४ सालचा दहावा महिना. तिने ओझे कमी घेतले होते हे खरे. सार्ज अकरा प्रकारच्या यंत्ररचनांवर चालायला हवी होती, उबुंटूने तीनच निवडल्या. तरीही मूळचा कोड बहुतांशी तोच होता आणि पहिल्या तुकडीतले बरेच जण डेबियनमधूनच आलेले होते. एका घरात जे तीन वर्षे शिजत होते ते शेजारच्या घरात सहा महिन्यांत कसे शिजले, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नव्हता.

मुळात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रसिद्ध करणे’ म्हणजे काय, हे आधी पाहायला हवे. एखादी कंपनी आपला प्रोग्राम विकायला काढते तोपर्यंत तो तिच्या कुलपात असतो. मुक्तस्रोत प्रकल्पाचे स्वयंपाकघर मात्र चोवीस तास उघडे. आज दुपारी कुणी कोणती ओळ बदलली हे कुणालाही पाहता येते, वाटल्यास त्याच घडीचा कोड उतरवून घेऊन चालवताही येतो. मग आवृत्ती काढायची कशासाठी? तर पान वाढण्यासाठी. प्रकल्प त्या दिवशी जगाला सांगतो की यावर तुम्ही विसंबा; यात काही बिघडले तर आम्ही दुरुस्त करू; रुग्णालय, बँक, शाळा, कुठेही हे बसवायला हरकत नाही. म्हणजे आवृत्ती हा कोडचा ढीग नसून एक शब्द आहे, दिलेला शब्द. तो कधी द्यायचा हे कंपनीत मालक ठरवतो आणि पगार घेणारे मुकाट्याने रात्रीचे जागतात. इथे मालक नाही, बहुतेकांना त्या कामाचा पगार नाही, एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. अशा शेकडो माणसांनी एका दिवशी हात थांबवावेत आणि फक्त चुका निस्तराव्यात, हे कोण कुणाला सांगणार?

माझे म्हणणे असे आहे की इथे दोन तारखा आहेत आणि बहुतेक घोटाळे त्या एकच समजल्यामुळे होतात. पहिली तारीख नवे काम आत घेण्याचे दार बंद करण्याची. प्रकल्पांतली मंडळी तिला ‘फ्रीझ’ म्हणतात, म्हणजे गोठवण. दुसरी तारीख प्रत्यक्ष पान वाढण्याची. पहिली कॅलेंडरने ठरवावी, आणि ती कुणासाठीही हलवू नये. दुसरी शिजल्यावर ठरवावी. ‘तयार झाल्यावर’ या उत्तरातली खोट अशी की ते पहिल्या तारखेलाही लागू केले जाते, आणि दार उघडे असेपर्यंत काहीच कधी तयार होत नाही.

का होत नाही, हे कळायला संगणकशास्त्र लागत नाही. ज्या गावाला दिवसातून एकच एसटी येते तिथे गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, पिशव्या, प्रसंगी पोरेही आत टाकली जातात. दर पंधरा मिनिटांनी गाडी असेल तर तीच माणसे शांतपणे वर्तमानपत्र वाचत उभी राहतात. पुढची आवृत्ती दोन-तीन वर्षांनी येणार, आणि तीही नक्की नाही, असे कळले की प्रत्येक प्रोग्रामर आपले अर्धवट काम याच आवृत्तीत बसवायला धावतो. नव्या कामाबरोबर नवे दोष येतात, दोषांमुळे तारीख पुढे जाते, तारीख पुढे गेली की आणखी चार जणांना वाटते की आता आपलेही बसेल. उशीर स्वतःच्या पोटातून पुढचा उशीर जन्माला घालतो. यात कुणी आळशी नसते, कुणाची नियतही वाईट नसते. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या जागी शहाणपणाचा असतो आणि एकत्र मिळून गाडी डेपोतून हलत नाही.

लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे डेबियन-उबुंटूसारख्या प्रणालींच्या गाभ्याचा, इतिहास याचा सर्वांत चांगला पुरावा आहे. तिथे पूर्वी सम-विषम क्रमांकांची पद्धत होती: २.४ ही वापरण्याची मालिका, २.५ ही प्रयोगांची, आणि प्रयोग पक्के झाले की २.६. कागदावर हे फार शिस्तीचे दिसते. प्रत्यक्षात २.४ जानेवारी २००१ मध्ये आली आणि २.६ यायला डिसेंबर २००३ उजाडला. या तीन वर्षांत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लोकांना नवे हवे होते, म्हणून ते मागच्या दाराने आले. रेड हॅट या कंपनीने २००३ मध्ये कंपन्यांसाठी काढलेल्या आवृत्तीत कर्नल नावाला २.४ चा होता, पण एकाच वेळी अनेक कामे चालवण्याची नवी यंत्रणा पुढच्या मालिकेतून काढून त्यात शिवलेली होती. खुद्द ‘स्थिर’ म्हणवणाऱ्या २.४ मालिकेतही सप्टेंबर २००१ मध्ये, दहाव्या आवृत्तीत, स्मृती सांभाळणारा अख्खा भाग बदलला गेला. घर राहते ठेवून पाया बदलण्यातलाच हा प्रकार. थोडक्यात, वाट पाहायला लावून स्थैर्य मिळाले नाही. ज्याने त्याने आपापले वेगळे ठिगळ लावले आणि एकाच नावाचे अनेक कर्नल फिरू लागले.

२००५ च्या सुमारास कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत बसवली ती आजही चालू आहे. आवृत्ती निघाली की दोन आठवडे दार उघडे. या काळात आधीच तपासून ठेवलेले नवे काम आत घेतले जाते. मग दार बंद, आणि पुढचे सहा-सात आठवडे दर रविवारी एक चाचणी-आवृत्ती, तीत फक्त दुरुस्त्या. सातवी चाचणी-आवृत्ती निर्धोक वाटली तर पुढच्या रविवारी कर्नल प्रसिद्ध. नाही वाटली तर आठवी काढून एक आठवडा थांबायचे. एकूण नऊ-दहा आठवडे. दाराची तारीख पक्की, पानाची तारीख आठवडाभर मागेपुढे. एवढे साधे गणित, पण त्याने क्रमांकाचा मोठेपणाही संपवला. जुलै २०११ मध्ये २.६.३९ नंतर एकदम ३.० आली तेव्हा टोरवाल्ड्स यांनी उघड सांगितले की क्रमांक फार वाढला म्हणून बदलला, आत विशेष काही नाही. पूर्वी ज्या मोठ्या आकड्यासाठी वर्षानुवर्षे खोळंबा व्हायचा तो आकडा आता दारावरच्या पाटीइतकाच उरला आहे.

तारखेचा दुसरा उपयोग कर्नलपेक्षा ग्नोमच्या उदाहरणात ठळक दिसतो. ग्नोम म्हणजे लिनक्सवर दिसणारा पडदा: खिडक्या, मेनू, बटणे. २००२ च्या जूनमध्ये त्याची २.० आवृत्ती आली आणि त्यानंतर प्रकल्पाने मार्च आणि सप्टेंबर हे दोन महिने धरले. वेळापत्रकात एक गोठवण नव्या सोयींची असते, एक दिसण्याची आणि एक शब्दांची. या शब्दांच्या गोठवणीशी मराठी वाचकाचा थेट संबंध आहे. मेनूतले प्रत्येक वाक्य मराठीत आणणारे लोक ते काम नोकरीधंदा सांभाळून, संध्याकाळी बसून करतात. त्यांना एवढेच हवे असते की अमुक दिवसानंतर इंग्रजी वाक्ये बदलणार नाहीत. ती हमी नसेल तर शेवटच्या रात्री कुणीतरी चार नवी वाक्ये घालतो आणि वरची तीन कलमे मराठीत, चौथे इंग्रजीत, असा मेनू पुढचे सहा महिने लोकांसमोर राहतो. दस्तऐवज लिहिणारे, चाचण्या करणारे, वेगवेगळ्या प्रणालींत तो प्रोग्राम बसवणारे, सर्वांची हीच गरज. दिवाळी अंकाचे संपादक, चित्रकार आणि छापखानेवाले रोज एकमेकांना भेटत नाहीत. दिवाळी कधी आहे हे सर्वांना ठाऊक असते म्हणून अंक निघतो. डेबियनचे माजी प्रमुख मार्टिन मिशलमायर यांनी केंब्रिज विद्यापीठात याच विषयावर पीएच.डी. केली, २००७ मध्ये. स्वयंसेवी प्रकल्पांचा अभ्यास करून त्यांनी मांडले की नियमित तारीख ही ज्यांना कुणी हुकूम देऊ शकत नाही अशा माणसांची कामे जुळवून घेण्याचे साधन ठरते. मला यातला ‘हुकूम’ हा मुद्दा कळीचा वाटतो. घड्याळाशी भांडता येत नाही, म्हणून घड्याळाचे ऐकताना मान खाली जात नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की तारखेपायी कच्चा माल बाहेर पडतो, आणि त्याला केडीईचे उदाहरण दिले जाते. ग्नोमचा हा प्रतिस्पर्धी. त्याची संपूर्ण नव्याने बांधलेली ४.० आवृत्ती ११ जानेवारी २००८ रोजी आली आणि लोक हैराण झाले. जुन्या ३.५ मधल्या रोजच्या सवयीच्या सोयी नव्हत्या, पडदा मधेच कोसळत होता. टोरवाल्ड्स स्वतः केडीई वापरत. तेही पुढे ग्नोमकडे वळले. प्रकल्पातले लोक सांगत होते की ४.० हा प्रोग्रामरांसाठी घातलेला पाया आहे, सर्वसामान्यांनी थांबावे. पण ४.० हा आकडा त्याच्या नेमका उलट निरोप देत होता आणि फेडोरासारख्या प्रणालीने तो निरोप खरा मानून चार महिन्यांत तीच आवृत्ती लोकांच्या संगणकांवर नेली. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. फक्त घटनाक्रम नीट पाहावा. ४.० ची तारीख २००७ च्या ऑक्टोबरपासून पुढे पुढे ढकलली गेली होती. कित्येक वर्षांचे काम एकाच आवृत्तीत कोंबलेले होते. ही दिवसातून एकदा येणाऱ्या एसटीची गोष्ट आहे, पंधरा मिनिटांच्या गाडीची नाही. त्याच प्रकल्पाने नंतर सहा-सहा महिन्यांचे टप्पे धरले आणि जानेवारी २००९ च्या ४.२ पर्यंत ओरड बरीच निवली होती. केडीईची चूक तारीख पाळण्याची नव्हती. चाचणीसाठी काढलेल्या मालावर पक्क्या मालाचे लेबल लावले, ही ती चूक.

डेबियनने काय केले, हे याच संदर्भात सांगायला हवे, कारण तिथे उत्तर सरळ सापडले नाही. २००६ मध्ये पैशाचा मार्ग करून पाहिला गेला. पुढची ‘एच’ आवृत्ती डिसेंबरात यावी म्हणून निधी उभारून दोन प्रकाशन व्यवस्थापकांना पूर्णवेळ कामासाठी मानधन द्यायचे ठरले. झाले उलटेच. आम्ही फुकट राबायचे आणि यांना पैसे का, असा वाद पेटला, काहींनी निषेध म्हणून हात आखडते घेतले, आणि एच निघाली एप्रिल २००७ मध्ये. तारीख विकत घेता येत नाही, हे तरी त्यातून कळले. २००९ मध्ये मग ठरले की गोठवण वेळापत्रकाने होईल, आणि प्रसिद्धी मात्र जुन्याच नियमाने, म्हणजे अडवणारे गंभीर दोष संपल्यावर. २०११ पासून डेबियनची प्रत्येक आवृत्ती सुमारे दोन-दोन वर्षांनी आलेली आहे. कधी एप्रिल, कधी जून, कधी ऑगस्ट. ‘तयार झाल्यावर’ हे उत्तर डेबियनने सोडलेले नाही. दार बंद झाल्यावर तयार व्हायला किती वेळ लागतो याचा अंदाज आता सर्वांना आहे, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप मोठ्या कामांचा. दहा आठवड्यांच्या गाडीत दहा वर्षांचे काम कसे बसणार? बसत नाही, आणि बसवूही नये. कर्नलला ठरलेल्या वेळेच्या आत हमखास प्रतिसाद द्यायला लावणारे, कारखान्यांतल्या यंत्रांना आणि ध्वनिमुद्रणाला लागणारे काम २००४ च्या सुमारास सुरू झाले. ते बाहेर स्वतंत्र वाढत राहिले, त्याचे तुकडे तयार होतील तसे गाडीत चढत गेले, आणि शेवटचा तुकडा नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत आला. वीस वर्षे! या काळात त्याच्यासाठी एकही आवृत्ती थांबली नाही. पण यासाठी दारावर ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस लागतो आणि ते म्हणणे कडू असते. बीकॅशएफएस नावाची फाइल साठवण्याची नवी पद्धत कर्नलमध्ये आली होती. तिच्याकडून दार बंद झाल्यावरही नव्या गोष्टी येत राहिल्या. कारण दिले जाई की लोकांची माहिती वाचवायला हे तातडीने हवे. वाद वारंवार झाले आणि अखेर २०२५ मध्ये ती कर्नलमधून काढून टाकली गेली. वापरणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर हे क्रूर वाटते. तरीही एका पाहुण्यासाठी दार किलकिले ठेवले तर पुढच्या रविवारी दहा पाहुणे उभे राहतील, या हिशेबाला माझ्याकडे उत्तर नाही.

तिसरा आक्षेप वापरणाऱ्यांच्या दमछाकीचा, आणि तो मला सर्वांत न्याय्य वाटतो. फायरफॉक्स या ब्राउझरने मार्च २०११ मध्ये चौथी आवृत्ती बऱ्याच विलंबाने काढली, त्या अनुभवातून धडा घेतला आणि एकदम दर सहा आठवड्यांची गाडी सुरू केली. जूनमध्ये पाचवी, ऑगस्टमध्ये सहावी. हजारो संगणक सांभाळणाऱ्या कचेऱ्यांनी हात जोडले: एक तपासून होत नाही तोवर दुसरी दारात! जानेवारी २०१२ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून फायरफॉक्सला वेगळी संथ शाखा काढावी लागली, जिला सुमारे वर्षभर फक्त दुरुस्त्या मिळतात. बनवणाऱ्याची लय आणि वापरणाऱ्याची लय एक नसते, हे उबुंटूने आधीच ओळखले होते. २००६ मधली दीर्घकाळ सांभाळायची पहिली आवृत्ती तिने एप्रिलची जूनमध्ये नेली, कारण तो शब्द घरच्या संगणकासाठी तीन वर्षांचा आणि सर्व्हरसाठी पाच वर्षांचा होता. जितका लांबचा शब्द, तितके पान वाढायला थांबणे योग्य. आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तर वेळापत्रकात मोजूच नयेत. एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधला ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला तेव्हा दुरुस्त आवृत्ती त्याच दिवशी निघाली; रुग्णवाहिका एसटीच्या वेळापत्रकाने धावत नाही. आठवण ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच की तो दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीतून बाहेर पडला होता आणि दोन वर्षे कुणालाही दिसला नव्हता. थांबल्याने दोष सापडतातच असे नाही. कुणीतरी पाहावे लागते.

या सगळ्याची सर्वांत कठीण परीक्षा २०२४ मध्ये झाली. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारे छोटे साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणारे. वर्षानुवर्षे ते एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे टुमणे लावले की प्रकल्प फार संथ चालतो, नवी आवृत्ती येत नाही, दुसऱ्या कुणाला हाती घेऊ द्या. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या मदतनिसाकडे मग हळूहळू अधिकार गेले, आणि २४ फेब्रुवारी २०२४ ला निघालेल्या ५.६.० आवृत्तीत चोरदरवाजा बसवलेला होता. फेडोरा आणि उबुंटू यांच्या वसंतातल्या आवृत्त्यांची तयारी तेव्हा चालू होती आणि नवे एक्सझेड लवकर घ्या असा आग्रह होऊ लागला. म्हणजे ‘नवी आवृत्ती कधी?’ हा निरुपद्रवी प्रश्नच हत्यार झाला, आणि गोठवणीपूर्वीची घाई हे दुसरे. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा माग काढत हा कट उघडकीला आणला.

ठरलेल्या तारखांविरुद्धचा हा पुरावा आहे असे कुणी म्हणू शकेल. मी अर्धेच मान्य करीन. दाराची तारीख सर्वांना माहीत असते तशी चोरालाही माहीत असते, हे खरे. पण दार आणि पान यांच्यातले अंतरच त्या वेळी कामी आले. चोरदरवाजा डेबियनच्या चाचणीच्या शाखांत शिरला होता. दोन वर्षांच्या लयीने चालणाऱ्या स्थिर डेबियनपर्यंत तो पोचला नाही. उबुंटूने आपली चाचणी-आवृत्ती ४ एप्रिलऐवजी ११ एप्रिलला काढली, चोरदरवाजा आल्यानंतर बांधलेले सारे प्रोग्राम नव्याने बांधले, आणि अंतिम आवृत्ती जाहीर केलेल्या दिवशीच, २५ एप्रिलला आली. आठवडाभर थांबण्याची सोय वेळापत्रकातच होती. एक्सझेडकडे मात्र वेळापत्रक नव्हते, दुसरा तपासणारा नव्हता, आणि टुमणे लावणाऱ्याला दाखवायला एखादी तारीखही नव्हती.

तारखांच्या या जगात एक प्रोग्राम वेगळा आहे. गणिताची पुस्तके छापण्यासाठी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी लिहिलेला टेक. त्यात नवी सोय घालणे त्यांनी कधीच बंद केले. फक्त चुका सुधारतात आणि दर वेळी आवृत्तीच्या क्रमांकाला गणितातल्या ‘पाय’चा (π) पुढचा एक अंक जोडतात. सध्या तो ३.१४१५९२६५३ आहे. आपल्या मृत्यूनंतर क्रमांक ‘पाय’ करावा आणि उरलेल्या चुकांना वैशिष्ट्ये समजावे, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. जगात ‘तयार झालेला’ म्हणता येईल असा प्रोग्राम असलाच तर हा. तरी चुकांची तपासणी कनुथ वाटेल तेव्हा करत नाहीत. २००८, २०१४, २०२१: दर वेळी मधले अंतर एक वर्षाने वाढते. पुढची तपासणी २०२९ साली आहे.